सारवलेलं घर

उदगीरच्या स्टँडवर मी महाराणी असते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आपलं सरकार एसटीत फुकट बसवतं, त्यामुळं कंडक्टरसमोर मान ताठ. सीमा आली की राज्य खालसा. बीदरला कर्नाटकाच्या बसमध्ये चढले, तर तिथं सगळ्याच बायकांना तिकीट माफ, फक्त आधार कार्ड कर्नाटकाचं पाहिजे. कंडक्टरनं माझं कार्ड उलटसुलट बघितलं आणि डॉक्टर वाईट बातमी देतात तशा आवाजात म्हणाला, "अज्जी, महाराष्ट्र. तिकीट पडतं."

"अरे बाबा, माझी बहीण इकडची, भाची इकडची, नात तर इथंच मैलूरला नांदते. काल तिच्याच घरी मुक्काम होता माझा."

"मग नातीला पाठवायचं होतं की. फुकट गेली असती."

सगळी बस हसली. मीही हसले आणि पैसे मोजले. शेजारच्या बाईच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. कुठं निघालीस विचारलं, तर म्हणाली, "हुमनाबादला. अतिवृष्टीच्या पैशाचं इचारायला."

"मिळाले का काही?"

"न्हाई. पण इचारायला जायला फुकट हाय."

ती हे विनोद म्हणून बोलली नव्हती. खिडकीबाहेर बघत, हवापाण्याचं बोलावं तसं बोलली.

तुम्ही लोक या भागात येता ते बीदरचा किल्ला बघायला, नाहीतर गाणगापूरला दत्ताला. दर्शन घेता, प्रसाद घेता, परत जाता. त्यांच्या आजूबाजूला जी गावं आहेत तिथं काही बघण्यासारखं नाही असं तुम्हाला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. या मार्गशीर्षात मी तिकडं गेले ती बघायला नव्हे, एका म्हाताऱ्या माणसाला आणायला.

निर्णा

निर्णा हुमनाबादच्या बाजूला. तिथं माझी भाची सावित्री दिलेली आहे. माझ्या मावसबहिणीची, भागीरथीची मुलगी. भागी आणि तिचा नवरा मल्लप्पा, म्हणजे आमचे दाजी, राहतात तिकडं खाली, अफजलपूर तालुक्यात, करजगीच्या पुढं, भीमेच्या काठावर. गावाचं नाव लिहीत नाही. भागीनं बजावलंय, "लिवायचं तर लिव, पर नाव घालू नको. आधीच फायली हलत न्हाईत."

भाद्रपदाच्या शेवटी भीमा गावात शिरली, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. टीव्हीवर पाणी दिसतं. पाणी उतरल्यावर काय होतं ते दाखवायला कुणी थांबत नाही.

सावित्रीच्या शेतात पूर नव्हता, पण पावसाचं पाणी महिनाभर साचलं आणि तुरी उभ्याच्या उभ्या वाळल्या. फुलं यायच्या दिवसांत रानात नुसत्या काड्या. तरी तिनं माझ्यापुढं शेंगाची चटणी, पुंडीची, म्हणजे आपल्या अंबाडीची, भाजी आणि कडक भाकरीची चळत ठेवली. आमच्याकडं भाकरी मऊ पाहिजे म्हणून सुनांना बोलणी बसतात. इकडं ती पापडासारखी वाजली नाही तर बोलणी बसतात. माझे दात तिनं विचारात घेतले नव्हते. मी भाकरी ताकात बुडवून ठेवली आणि ती विरघळेपर्यंत तिचं ऐकत राहिले.

"मावशी, अप्पाला घेऊन ये. लकवा मारल्यापासून एक अंग गेलंय. बाज कुठं टाकलीय म्हाईत हाय? मागच्या भिंतीला लागून. ती भिंत तीन दिवस पाण्यात होती."

"मग तू का नाही आणलंस?"

"दोनदा गेल्ते. आई म्हणते, पाहणी झाल्याबगर हलायचं न्हाई. तू मोठी हायस. तुझं ऐकंल."

माझं! मला हसूच आलं. भागीनं माझं आयुष्यात एकदाच ऐकलं होतं, आणि त्यामुळंच ती भीमेच्या काठावर होती.

झालं असं, की भागीला बघायला त्या गावाहून सांगावा आला, तेव्हा मी नुकती बी.ए. झाले होते. घराण्यात पहिली. डोळ्यांवर काळा गॉगल, पायांत टाचांचे सँडल, आणि तोंडात पुस्तकी मराठी. मुलाचं घर बघायला वडीलमंडळींबरोबर मीही गेले, कारण शिकलेल्या मुलीचं मत घ्यावं असं मामांना वाटलं. काठावरच्या गाळात माझा एक सँडल रुतला तो आजतागायत भीमेकडंच आहे. तरीही एका पायावर उभी राहून मी मत दिलं, "दार उघडताच समोर नदी! किती काव्यमय!" परत आल्यावर भीमेवर कविता लिहिली आणि ती भागीला वाचून दाखवली. त्या वेडीला ती पाठ झाली. स्थळाला तिनं हो म्हटलं.

तेव्हापासून भीमेला पाणी चढलं की भागीचा फोन येतो, "तुझी कविता वाढायलीय गं." या वर्षी फोन आला तो असा: "सुमीअक्का, कविता न्हाणीतनं घरात आली."

करजगीच्या पुढं

कलबुर्गी, अफजलपूर, करजगी असा बसचा प्रवास झाला. तो सांगण्यासारखा नाही, कंबरेला विचारा. पुढं टमटम. उसाच्या फडांतून रस्ता उतरत जातो. उसाच्या शेंड्यांना अजून चिंध्या, प्लास्टिक, एका ठिकाणी तर लहान मुलाचा स्वेटर लटकलेला. पाणी तिथवर होतं.

गावाच्या अलीकडं माळ लागतो. त्या माळावर मला एक भली थोरली कमान दिसली. शहाबादी फरशी लावलेली, वर दोन मोर, मधोमध नाव लिहायला मोकळी जागा. मी टमटमवाल्याला म्हटलं, "थांब रे, गाव आलं वाटतं."

"न्हाई अज्जी. हे नवं गाव."

मी उतरून कमानीखालून आत गेले. आत गेले म्हणजे काय, पलीकडं गेले. तिथं कुसळं होती, रंगवलेले दगड एका रांगेत पुरलेले होते, आणि दिव्यांचे खांब. भर दुपारी दिवे लागलेले. घर एकही नाही. पुरातल्या लोकांना इथं वसवणार आहेत म्हणे. कमान आधी झाली.

"घरं कधी?"

"घराचा निधी येगळा, कमानीचा निधी येगळा. कमानीचा आला." टमटमवाल्यानं मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं.

भागी दारात उभी होती. वाळकी झालेली, पण नऊवारी चापूनचोपून, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्यामागं घर बघून मी थबकले. गल्लीतली सगळी घरं तोंड फुटल्यासारखी. भिंती बसलेल्या, पत्रे तिरके, दारांना चौकट नाही. मधोमध एकटं भागीचं घर लिंपलेलं, सारवलेलं, उंबऱ्यापुढं सडा, सड्यावर रांगोळी.

"अगं, तुझं तर काहीच गेलं नाही!" माझ्या तोंडून निघालं.

"तू बी तेच म्हण," भागी म्हणाली. "त्यो साहेब बी हेच म्हणला हुता."

शेजारून खदखदून हसण्याचा आवाज आला. लक्कव्वा. धनगराची बाई, पूर्वी मेंढरं होती, आता मजुरी. तिचं घर म्हणजे मातीचा ढीग आणि त्यावर निळी ताडपत्री. "उदगीरवाली अक्का आली काय? बघ, बघ तुझ्या बहिणीचा महाल. पुरानं न्हाई पाडला, हिनं सारवून पाडला."

मग सगळी हकिकत कळली. पाणी उतरलं त्याच्या दोन दिवसांनी घट बसायचे होते. देवीला काय चिखलात बसवायचं? भागीनं एकटीनं घरातला गाळ पाट्यांनी उपसला. भिंतींच्या भेगांत कडबा-मातीचा गारा भरला, वरून लिंपलं, पांढऱ्या मातीचा पोतारा दिला, जमीन सारवली. मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात घट बसवले. आणि घट बसलेले असतानाच पंचनाम्याचे लोक आले. गल्लीत बाकी सगळ्यांनी घरं होती तशी ठेवलेली, लक्कव्वा तर चिखलात पाय पसरून बसून राहिलेली. भागीनं काय केलं? देवीच्या दिवसांत आलेला माणूस म्हणून घोंगडी अंथरली, चहा केला. तरुण इंजिनिअर. त्यानं दाराबाहेर बूट काढले, घटाला नमस्कार केला, म्हणाला, "मनी छलो अद, अक्का." घर छान आहे. मोबाईलवर फोटो काढला आणि निघून गेला.

इकडं पडक्या घराचे तीन वर्ग आहेत. पूर्ण पडलं ते 'अ', अर्धंमुर्धं ते 'ब', आणि नुसता पोपडा गेला ते 'क'. लक्कव्वाला 'अ'. भागीला 'क'.

"चहात साखर जास्ती पडली असंल," लक्कव्वा म्हणाली.

भागी हसली नाही. "घट चिखलात बसवू व्हय गं? तू बसवली असतीस?"

"मी न्हाईच बसवले. देवीला म्हणलं, यंदा तू बी ताडपत्रीत ये."

आत दाजी बाजेवर होते. मला ओळखलं, डावा हात वर केला. त्यांच्या उशाला ती भिंत. वरून गुळगुळीत, पांढरी. पण मी हात लावला तर थंड. तीन महिने झाले होते आणि भिंत अजून आतून ओलीच होती. घराला दोनच खोल्या. दुसऱ्या खोलीचं छत पुराच्या आधीच बसलेलं, ते पंचनाम्यात धरत नाहीत, म्हणून बाज इकडं.

"भागे, उद्याच्या उद्या निर्ण्याला चला दोघं. सावित्री वाट बघायलीय."

"कुलूप लावून?"

"मग काय उघडं टाकून?"

"कुलूप दिसलं की नाव कटतं." तिनं भाकरीचं पीठ मळता मळता सांगितलं. "फेरपाहणी हाय. घरात माणूस राहत असंल तरच ते घर. न्हाईतर म्हणतात, ह्यांना दुसरं घर हाय, ह्यांना कशाला पैसे. खालच्या आळीतली तीन घरं अशीच कटली. पोरांकडं गेले ते गेलेच."

म्हणजे घर पडायला आलंय हे सिद्ध करायचं, तर त्या पडणाऱ्या घरात राहूनच. मी माझी बी.ए. चाळून बघितली, तिच्यात याचं उत्तर नव्हतं.

"फेरपाहणी कधी?"

"वेळामावशेच्या दुसऱ्या दिशी म्हणालेत. तवर तुझं प्रवचन पिशवीत ठेव."

वेळ अमावस्या

आपल्या लातूर-उदगीरकडं आणि या बाजूला एक सण सारखा आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना माहीत नसेल, म्हणून सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जातं. कडब्याची खोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, आणि पूजा करून जेवायचं. भज्जी म्हणजे सगळ्या शेंगांची-पाल्याची बेसन लावलेली दाट भाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, आणि मडक्यात आंबवलेलं ज्वारीचं आंबिल. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही.

भागीच्या रानात नदीनं गाळाचा थर आणून टाकलेला. ज्वारी नव्हतीच. तरी खोप झाली. कडबा लक्कव्वानं कुठून आणला ते विचारायचं नसतं. दाजींना टमटममध्ये घालून नेलं, खोपीच्या तोंडाशी बसवलं. ऊन चांगलं होतं. आंबिल रानाला शिंपडायची वेळ आली तेव्हा त्यांनी डाव्या हातानं पळसाची डहाळी मागून घेतली आणि बसल्या जागेवरून शिंपडली. थोडं गाळावर पडलं, बरंच माझ्या लुगड्यावर. त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली.

"दाजी, बघा हं. लग्नात पण तुम्ही माझ्यावर रंग उडवला होता."

ते काहीतरी म्हणाले. भागीनं उलगडून सांगितलं, "म्हणतात, तवा गॉगल हुता, डोळे वाचले."

मी संधी साधून निर्ण्याचं काढलं. सावित्री रडते, नातवंडं आठवण काढतात, दोन महिन्यांचा तर प्रश्न. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले, तो मला कुणी उलगडून सांगायची गरज पडली नाही. "कुलूप."

जेवणं झाली. भागी दाजींना भरवत होती. लक्कव्वानं मला कोपरानं डिवचलं. "अक्का, तुझ्या बहिणीचं ह्या जन्मात भागायचं न्हाई. साहेब उद्या येणार, पुन्ना पांढरी भिंत बघणार, पुन्ना छलो अद म्हणणार. भिंतीचं लिंपण खरवडलं तर आतली भेग दिसंल. ती हात लावू देत न्हाई. घट बसले हुते म्हणं त्या भिंतीत."

मी इकडंतिकडं बघितलं. गाव ओस होतं. आयुष्यभर मला असल्या वेळी एकच बुद्धी सुचत आली आहे, मधे पडायची.

"भागे, माझी औषधाची डबी घरी राहिली. लक्कव्वाला घेऊन येते जाऊन," मी म्हणाले.

दोन म्हाताऱ्या, दोन खुरपी. आधी आम्हाला हसू आवरेना. लक्कव्वा भिंतीला म्हणाली, "आई, माफ कर, तुझं लुगडं फेडायलाव," आणि खुरपं घातलं. पोपडे पडू लागले. मी दाजींच्या बाजेवर चादर टाकली, आणि दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. एक हात खरवडलं असेल, तर माझं खुरपं अचानक आत गेलं. मुठीपर्यंत. काढलं तर त्या मागोमाग ओला गारा आला, आणि भेग. बोट जाईल अशी नव्हे. माझा पंजा जाईल अशी. वर आढ्यापासून खाली बाजेपर्यंत. त्यातून न्हाणीतला उजेड दिसत होता.

लक्कव्वाचं हसू थांबलं. "बाप रे," एवढंच म्हणाली.

आम्ही पोपडे गोळा केले आणि गुपचूप बसून राहिलो. भागी आली, तिनं भिंत बघितली, आमच्याकडं बघितलं. मला वाटलं आता खुरपं माझ्या डोक्यात. तिनं फक्त विचारलं, "कामून केलीस गं?" आणि वाकळ काढून खिळ्याला टांगली, भेग झाकेल अशी. "ह्यांना दिसली तर झोप लागायची न्हाई."

मी बाज दाराकडं ओढायला लागले. दाराकडं ओढली तर दार मिटेना, चुलीकडं ओढली तर भागीला बसायला जागा उरेना. शेवटी बाज भिंतीपासून हातभर सरकली. तेवढीच.

फेरपाहणी

साहेब येणार म्हणून सकाळपासून सगळी गल्ली आपापल्या पडझडीपुढं नीट बसली. मी सरकारी कामं पुष्कळ बघितलीत, पण लोक आपला विध्वंस असा मांडून, त्याची राखण करत बसलेले पहिल्यांदाच बघितले. एका घरात पोरगी पायरीवरची माती झाडायला लागली तर आजीनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

दुपार झाली. साहेब आले नाहीत, चुन्याचे ड्रम आले. मागोमाग पंचायतीचा माणूस. दुसऱ्या दिवशी मंत्री कमानीच्या उद्‌घाटनाला येणार होते, तेव्हा रस्त्याच्या कडेच्या भिंतींना चुना मारायचा होता. ज्या भिंती उभ्या आहेत त्यांना.

"आणि ज्या पडल्यात त्यांना?" मी विचारलं.

"त्यांच्यापुढं कापड लावणार अज्जी. मंडप असतोय ना, त्याचं."

इंजिनिअर आला तो दिवस कलताना. तोच तरुण, घामेघूम, अंगावर चुन्याचे शिंतोडे. दिवसभर कमानीपाशी त्याला उभं केलेलं. त्यानं पुन्हा दाराबाहेर बूट काढले. चहा नको म्हणाला. भागीनं वाकळ बाजूला केली.

त्यानं भेग वरपासून खालपर्यंत बघितली. मग मोबाईल काढला, आधीचा फोटो काढून आम्हाला दाखवला. पांढरीशुभ्र भिंत, कोनाड्यात घट, घटावर उगवलेलं पिवळं धान, झेंडूची माळ. फोटो खरोखर सुंदर आला होता.

"अक्का, ह्या फोटोत भेग न्हाई. आज हाय. आणि हे खुरप्याचे वळ." तो मराठीत अडखळत बोलत होता. "मी काय लिहू? वरचे म्हणतात, पैशासाठी पाडलं."

"मी पाडलं," मी म्हणाले. "म्हणजे पाडलं नाही, उघडं केलं. तुम्ही हात घालून बघा, पलीकडं जातो."

त्यानं खरंच हात घातला. बाहेर काढून मातीकडं बघितलं. "बघितलो अज्जी. पण हे मोबाईल माझा हात बघत न्हाई." मग भागीला म्हणाला, "मी वर पाठवतो. मंत्र्यांचा कार्यक्रम झाला की तिसरी फेरी होते. तोपर्यंत काही लिंपू नका, काही हलवू नका. आणि घर सोडू नका."

तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी भागी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरत होते तेव्हा म्हणाली, "तू आली न्हसतीस तरी त्यानं छलो अदच म्हणलं असतं. जीवाला लावून घेऊ नको." मग थोड्या वेळानं, "पर खरवडलंस त्ये वाईट केलीस. लिंपण हुतं तवर मला वाटायचं, भिंत हाय."

कमान

माझी टमटम माळावर अडवून ठेवली. मंत्र्यांच्या गाड्या यायच्या होत्या. कमानीला झेंडूच्या माळा, वर लाऊडस्पीकर, मधल्या मोकळ्या जागेत नाव उमटलेलं. गावाचं नव्हे, मंत्र्यांचं. स्वागताला पाच सुवासिनी डोक्यावर कलश घेऊन उन्हात उभ्या. त्यांत भागी. पंचायतीच्या माणसानं घरोघर फिरून ज्यांची पितळेची भांडी घासलेली आणि लुगडी धड आहेत अशा बायका निवडल्या होत्या. पुरानंतरच्या त्या गावात अशा बायका किती निघणार? तिच्या डोक्यावर घटाचाच कलश होता.

मी टमटममधून हात हलवला. तिनं कलश सांभाळत मान तेवढी वळवली. मंत्री उतरले, फीत कापली, कमानीखालून चालत पलीकडं गेले, कुसळं बघितली आणि परत आले. गाव खाली होतं. तिकडं कुणी वळलं नाही. मंडपाचं कापड फुकट गेलं.

मी निर्ण्याला रिकाम्या हातानं उतरले. सावित्रीनं माझ्यामागं रस्त्याकडं बघितलं, जणू टपावरून आणखी कुणी उतरणार आहे. पुढ्यात ताक आणि भाकरी ठेवली.

पुन्हा

पौषात फोन आला. दुपारची वेळ होती. भागी हापशावर पाण्याला गेली होती. न्हाणीच्या बाजूनं भिंत आत आली.

मी दहाव्याला गेले. तीच बस, तेच तिकीट. कमानीवरच्या माळा वाळून काळ्या झाल्या होत्या आणि दिवे भर दिवसा जळतच होते.

दहाव्याला घर सारवून शुद्ध करतात, आपल्याकडंही आणि तिकडंही. गल्लीतल्या बायका शेणाच्या पाट्या, पांढरी माती घेऊन आल्या होत्या. लक्कव्वानं पदर खोचलेला. पण सगळ्या दारातच उभ्या. आत ढीग तसाच होता. बाजेचा एक पाय मातीतून वर आलेला. एवढे दिवस तो तसाच होता.

उंबऱ्यापाशी भागी बसली होती. "हात लावू नका," ती बायकांना सांगत होती. "कुणी काडी बी हलवू नका. फोटो व्हायचाय."

"भागे, आज दहावा," मी म्हणाले.

"म्हाईत हाय."

लक्कव्वा माझ्या कानाशी म्हणाली, "दाजीचे पैसे मंजूर झाले गं. माणूस पडला की एका फेरीत काम हुतं. घराचं मात्र राहिलं."

इंजिनिअर आला. सवयीनं बूट काढायला वाकला. भागी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या साहेब. पायाला काच लागंल." तरी तो बूट काढूनच आत आला. ढिगाचे फोटो घेतले, इकडून, तिकडून. मग खाली मान घालून म्हणाला, "अक्का, घरमालक फोटोत लागतो. जरा पुढं उभ्या राहा."

भागी उठली. ढिगापुढं जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला. तिच्या पायाशी लिंपणाचा एक पोपडा पडला होता, पांढरा, तळहाताएवढा. आयुष्यभराच्या सवयीनं ती वाकली आणि तिनं तो उचलला, बाहेर टाकायला.

मग थांबली. इंजिनिअरकडं बघितलं. आणि तो पोपडा होता तिथंच, होता तसाच, परत ठेवून दिला.